मदत हवी: एमएससाठी टी-रेग पेशींची तपासणी ठाण्यात कुठे होते?

कोलशेतचा_दादा
धाकट्या बहिणीला एमएस, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस आहे; शरीराची संरक्षण यंत्रणाच मेंदू आणि मज्जारज्जूवर उलटते. २०२५चं नोबेल टी-रेग पेशींच्या शोधाला मिळालं, तेव्हापासून वाचतोय. आपल्याच शरीरावर उलटलेल्या पेशींना या आवरतात. तिच्या किती आहेत ते मोजायचंय. इथल्या दोन लॅबनी नाही म्हणून फोन ठेवला. सोमवारच्या आत हवंय, प्लीज.

ऐरोलीची_मावशी
अरे, कुठला एमएस? अटॅक येऊन उतरणारा की हळूहळू वाढणारा? औषध काय चालू आहे?

कोलशेतचा_दादा
येऊन उतरणारा. सहा महिन्यांनी सलाइनमधून रिटुक्सिमॅब. परवा चहाचा कप हातातून सुटला, तर म्हणते झोप झाली नाही म्हणून.

वाशीकर७४
व्हिटॅमिन डीची साठ हजार युनिटची पुडी, आठवड्याला एक. टी-रेग वाढतात. आमच्या हिचा थकवा गेला.

फ्लोवाली
काका, रक्तातली पातळी न बघता असं सांगू नका, कॅल्शियम वाढून किडनीवर येतं.
दादा, मी लॅबमध्येच आहे. आकडा काढून हाती काही लागणार नाही. २००४ साली हाफलर या संशोधकाच्या गटाने दाखवलं की एमएसच्या रुग्णांत या पेशी जवळपास निरोगी माणसाइतक्याच होत्या, इतर टी पेशींना आवरण्यात मात्र कमी पडत होत्या. हजेरी पूर्ण, काम अर्धं.

वाशीकर७४
मी डोळ्यांनी पाहिलेलं सांगतोय. वाढल्या तर फायदाच ना?

फ्लोवाली
इतकं सरळ नाही. डॅक्लिझुमॅब नावाचं एमएसचं औषध होतं, ते टी-रेगवरच्या सीडी२५ या प्रथिनालाच अडवायचं. टी-रेग घटल्या, तरी अटॅक कमी झाले! पुढे काही रुग्णांच्या मेंदूला सूज आली आणि २०१८मध्ये ते बाजारातून काढून घेतलं.

ऐरोलीची_मावशी
दिव्यांग दाखला काढलास का तिचा? २०१६च्या कायद्यात एमएस आहे.

घोडबंदर_रोज
मे महिन्यात दुपारी बाहेर नेऊ नका. उकाड्याने जुनी लक्षणं तात्पुरती उफाळतात. माझी नजर कापूरबावडीच्या सिग्नलला धुरकट झाली होती, घरी पंख्याखाली बसल्यावर निवळली.

फ्लोवाली
पण दादा, सोमवारचं काय आहे?

कोलशेतचा_दादा
एक क्लिनिक टी-रेग वाढवून टोचतं म्हणे. साडेचार लाख. सोमवारी पहिला हप्ता.

फ्लोवाली
भरू नका! एमएससाठी हे अजून चाचण्यांच्याच पातळीवर आहे. ट्रायल म्हणाले तर सीटीआरआयचा, म्हणजे भारतातल्या ट्रायलच्या सरकारी नोंदवहीचा, नोंदणी क्रमांक मागा. ट्रायलच्या औषधाचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत. आणि कप सुटल्याचं तिच्या न्यूरोला आजच कळवा.

कोलशेतचा_दादा
टोकन दहा हजार भरलंय. न्यूरोला फोन लावतोय.