मदत हवी आहे: सेकंड पीयूनंतर (म्हणजे बारावीनंतर) मरिन बायॉलॉजी. मंगळूरचं बी.एफ.एससी. (मत्स्यविज्ञानाची पदवी) की आधी बी.एस्सी. आणि मग कारवार?

नमस्कार मंडळी. आम्ही खानापूर तालुक्यातले. धाकटी बहीण बेळगावात सेकंड पीयूला आहे, पीसीएमबी (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायॉलॉजी) घेऊन. दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता सगळं इंग्रजीतून. घरचे 'नीट दे' म्हणतात, तिला मात्र समुद्रातल्या जीवांचाच अभ्यास करायचाय. वरवरची हौस नाही ही. कारवारला मामाकडे गेलो की रापणीतले (किनाऱ्यावर ओढून आणायच्या मोठ्या जाळ्यातले) बांगडे-तारले सगळे बघतात. ही जाळं झटकल्यावर वाळूत टाकून दिलेलं गोळा करते. तारामासा, शंखात राहणारा खेकडा, जे मिळेल त्याचं चित्र काढते आणि खाली तारीख, भरती होती की ओहोटी, हे लिहून ठेवते. तिला नाही म्हणायला माझं मन धजत नाही.

चौकशीत दोन वाटा कळल्या. केसीईटी (कर्नाटकची सामाईक प्रवेश परीक्षा) देऊन मंगळूरच्या मत्स्य महाविद्यालयात चार वर्षांचं बी.एफ.एससी. कॉलेज 1969 पासूनचं, नावाजलेलं. पण तिथं मत्स्यशेती, मासळीवरची प्रक्रिया, जाळी-बोटी असं बरंच काही शिकावं लागतं, समुद्री जीव हा त्यातला एक भाग. दुसरी वाट म्हणजे बेळगावातच झूऑलॉजी घेऊन बी.एस्सी. आणि मग धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाच्या कारवारमधल्या कोडीबाग केंद्रात मरिन बायॉलॉजीत एम.एस्सी. मला ही बरी वाटते, पण बेळगावची कॉलेजं 2010 पासून राणी चन्नम्मा विद्यापीठाकडे आहेत. मग धारवाडच्या प्रवेशात 'बाहेरच्या विद्यापीठाची' म्हणून तिचं अडेल का?

आणखी एक. रत्नागिरीजवळ शिरगावला दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं मत्स्य महाविद्यालय आहे. आमचं गाव महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या सीमाभागातल्या 865 गावांच्या यादीत आहे. सीमाभागाच्या सवलतीचा तिथं उपयोग होतो का, कागदपत्रं कुठली लागतात? कुणी स्वतः प्रवेश घेतला असेल तर कृपया सविस्तर सांगा.

उत्तर:

दादा, मी कारवारलाच एम.एस्सी. केलं, गाव निपाणीकडचं. सीमाभागाच्या सवलतीचं इतर कुणी सांगेल, मी बाकीचं सांगते.

केसीईटी द्यायला लावाच. रँकला पीयूचे मार्कही धरतात, म्हणून बोर्डाच्या परीक्षेकडे दुर्लक्ष नको. पुढे मत्स्यविज्ञानात एम.एफ.एससी. करायची असेल, तर बी.एफ.एससी. लागतेच, नुसत्या झूऑलॉजीवर घेत नाहीत. मत्स्य खात्यातली नोकरी किंवा कोळंबी शेती डोक्यात असेल तर मंगळूरच.

पण तुम्ही लिहिलंय त्यावरून तिचा ओढा जीवांकडे आहे, तर माझं मत कारवारला. काळी नदीचं मुख जवळ, त्यामुळे खाडी आणि समुद्र दोन्ही हाताशी. ओहोटीला खडकांवर चौकट ठेवायची आणि तेवढ्या जागेतले शिंपले, गोगलगायी, शेवाळ मोजायचं. पुन्हा काही हात पुढे सरकून तेच. पाणी आणून त्याचा खारेपणा काढायचा, प्लवंग (पाण्यात तरंगणारे बारीक जीव) सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचे. तुमची बहीण आत्ताच यातलं अर्धं करते. इंग्रजीचं भय नको, मीही मराठी माध्यमातलीच. पहिलं सेमिस्टर जड गेलं, नंतर हात बसला.

एकाच ठिकाणावर भिस्त ठेवू नका. गोवा विद्यापीठात मरिन सायन्सेसचं एम.एस्सी. आहे, कोचीच्या कुसॅट विद्यापीठात मरिन बायॉलॉजीचं. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत बारावीनंतर प्रवेश नसतो, तिथं संशोधनाला जायचं, आणि त्यासाठी एम.एस्सी. करतानाच नेट परीक्षेची तयारी हवी.

बाहेरच्या विद्यापीठाच्या जागांचं दरवर्षीच्या प्रवेश सूचनेत बघावं लागतं. बी.एस्सी.चे विषय ठरवण्याआधी कारवारच्या विभागात स्वतः जा, कुठली जोडी चालते ते विचारा. आणि तिला सोबत न्या, वहीसकट.