मदत हवी आहे: हळदीकुंकवाच्या कढीसाठी शेंगदाण्याचं दही (इंदूर)

रामबागेतल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला यंदा विधवा, घटस्फोटित, अविवाहित सगळ्याजणींना बोलावणं आहे. सवाष्णीची अट काढायलाच हवी होती. रांधणं-वाढणं पुरुषांकडे, पदार्थ बिनदुधाचे. तिळगुळाला तूप लागत नाही, तेलाचा हात पुरतो. अडलंय ते दही.

1 वाटी दाणे 8 तास भिजवून, सोलून, 3 वाट्या पाण्यात वाटून गाळायचे. दूध ढवळत 10 मिनिटं उकळायचं (बुडाला पटकन लागतं), कोमट झालं की विरजण म्हणून 8-10 हिरव्या मिरच्यांचे देठ घालायचे. जानेवारीच्या गारठ्यात 14 तासांनीही वर थर, खाली पाणी! पाणी अडीच वाट्या घ्यावं, की पहिल्या घाण्याचं विरजण लावावं? शिवाय कढी उकळताना फुटते. 2 वाट्या दह्याला बेसन किती लावता?