वाइप्स की कापड? आज रात्रीच ठरवायचंय, मदत हवी आहे

रेवाची_आई
खूप वैतागले आहे म्हणून थेट विचारते. वाइप्स चालू ठेवू की कापडाचे तुकडे वापरू? सासूबाई म्हणतात कापड, नवरा म्हणतो वाइप्स, आणि लेकीचं ढुंगण लालभडक झालंय. परवा आई परत जातेय, मग दिवसभर मी एकटीच. जे काही मागवायचं ते आज रात्रीच मागवायला हवं. लांबलचक लिहू नका, काय वापरू तेवढं सांगा.

कोकणकडा
बाळ केवढं आहे? लाली किती दिवसांपासून? वाइप्स वासाचे की बिनवासाचे? डायपर लावता की लंगोट? यातलं काहीच माहीत नसताना कुणी काय सांगायचं?

पोतडी
कापडच. माझी दोन्ही मुलं कापडावर वाढली. जुनी सुती साडी घ्या, वीतभर चौकोनी तुकडे कापा, कडांना टीप मारून घ्या. ३०-४० तुकडे हाताशी हवेत. नवीन मलमल आणलीत तर आधी तीन-चारदा धुवा, खळ निघाल्याशिवाय ती पाणी शोषत नाही. शी लागलेलं कापड आधी गार पाण्यात धुवायचं, थेट गरम पाण्यात टाकलंत तर डाग पक्का बसतो. आणि कपडे मऊ करायचं ते वासाचं द्रावण अजिबात नको, त्याने कापडाची शोषायची ताकद जाते.

दहाची_लोकल
पोतडीताई, ते ४० तुकडे धुणार कोण? त्या एकट्या आहेत, लिहिलंय ना त्यांनी. २६ आठवड्यांची रजा संपल्यावर मी कामावर गेले तेव्हा वाइप्स नसते तर मी कोलमडले असते. बिनवासाचे घ्या आणि निर्धास्त राहा. बाळाइतकीच आईची झोपही महत्त्वाची.

पोतडी
झोप महत्त्वाचीच आहे. पण बहुतेक वाइप्सच्या कापडात पॉलिएस्टर असतं. दिवसाला दहा वाइप्स धरले तर महिन्याला ३०० होतात. तो कचरा कुजत नाही.

लीड्सकर
इकडे इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्यसेवा साधं कोमट पाणी आणि कापूस सुचवते, किंवा वास आणि अल्कोहोल नसलेले वाइप्स. एक मात्र करा, संडासात टाकू नका. लंडनच्या व्हाइटचॅपलमध्ये २०१७ साली गटारात चरबी आणि वाइप्सचा १३० टनांचा गोळा सापडला होता, २५० मीटर लांब!

कोकणकडा
आपल्याकडे सहसा कुणी संडासात टाकत नाही, कचऱ्याच्या डब्यात जातात. पण तिथेही कुणाचे तरी हात लागतातच. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेतल्या बायकांनी डायपर-पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायची मोहीम चालवली होती. शी लागलेले वाइप्सही तसेच गुंडाळून द्या. ओल्या कचऱ्यात नकोत.

नाशिकची_आजी
बाळाला रोज संध्याकाळी ओवा-वेखंडाची धुरी देता का? आमच्याकडे कधी सर्दी झाली नाही.

दहाची_लोकल
आजी, विषय लाल झालेल्या ढुंगणाचा आहे. आणि इतक्या लहान छातीत धूर नको हो.

रेवाची_आई
हे आधीच लिहायला हवं होतं. अडीच महिन्यांची आहे, फक्त अंगावरचं दूध. दिवसाला सात-आठ वेळा शी. दिवसा लंगोट, रात्री डायपर. वाइप्स फुलांच्या वासाचे, बारशाला आले होते. पाच दिवस झाले लालीला. आम्ही वाघोलीला, टँकरचं पाणी, सकाळी दोनच तास. पावसामुळे दुपटी दोन-दोन दिवस वाळत नाहीत, कुबट वास येतो. म्हणून तर अडकलेय.

नीरक्षीर
वासाचे वाइप्स आत्ताच बंद करा. वासाने त्वचा चिडू शकते, वाइप्स टिकावेत म्हणून घातलेल्या काही रसायनांनीही. मेथिलआयसोथायझोलिनोन हे त्यातलं एक. युरोपात अंगावर तशाच राहणाऱ्या प्रसाधनांत २०१७ पासून त्यावर बंदी आहे. पाकिटाच्या मागे बघा.
आता नीट बघून सांगा, लाली जांघेच्या घड्यांमध्ये आहे का? कडेला सुटे लाल ठिपके?

पोतडी
टँकरचं पाणी जड असेल तर साबण कापडातच राहतो. साबण निम्मा करा, दोनदा खळबळा. पावसात पंख्याखाली वाळवून वर इस्त्री फिरवा, कडांवरून विशेष. कुबट वास येणारं कापड मात्र बाळाला लावू नका. दहाची_लोकल म्हणते ते अगदीच चूक नाही, पाण्याची अशी मारामार असेल तर ४० तुकडे जमणार नाहीत.

रेवाची_आई
हो, घड्यांमध्येच जास्त आहे आणि ठिपकेही आहेत.

नीरक्षीर
मग बुरशी असू शकते. ती वाइप्सने जाणार नाही आणि कापडानेही नाही. उद्या सकाळीच बालरोगतज्ज्ञांना दाखवा. घरातलं कुणाचं मलम लावू नका, त्यात स्टिरॉइड असू शकतं. पावडरही नको.

रेवाची_आई (दुसऱ्या दिवशी)
दाखवून आले. बुरशीच निघाली, मलम दिलंय. डॉक्टर म्हणाले, शी झाली की कोमट पाण्याने धुवायचं, पुढून मागे. पुसताना घासायचं नाही, कापडाने टिपायचं, पूर्ण कोरडं झाल्यावरच लंगोट बांधायचा. थोडा वेळ उघडं ठेवलं तर उत्तम. सासूबाईंनी त्यांची इरकल नव्हे, रोजची जुनी साडी काढून दिली, १२ तुकडे झालेत. बाहेर जाताना बिनवासाचे वाइप्स, एकच पाकीट मागवलं. आता सांगा, रात्री दोन वाजता दिवा न लावता कोमट पाणी कसं ठेवता तुम्ही?

दहाची_लोकल
झोपताना थर्मासमध्ये भरून उशाशी. हातावर घेऊन बघितल्याशिवाय बाळाला लावू नका.