व्हेरोनाला आई-बाबांना कधी न्यावं? हवा आणि बघण्याजोग्या जुन्या जागा

कादवाकाठची

नमस्कार. मी मूळची पिंपळगाव बसवंतची, नोकरीमुळे सध्या नाशिकला इंदिरानगरात राहते. आई-बाबांना पहिल्यांदाच परदेशी न्यायचं ठरवलंय. आठ दिवसांत पाच देश अशी धावपळ दोघांनाही झेपणार नाही, म्हणून एकाच गावात मुक्काम करावा असं मनात आहे. इटलीतलं व्हेरोना नक्की केलंय. बाबांनी चाळीस वर्षं द्राक्षबाग केली आणि व्हेरोनाच्या आजूबाजूला सगळ्या द्राक्षाच्याच बागा आहेत असं वाचलं, हे पहिलं कारण. दुसरं, आईला जुन्या वास्तू मनापासून आवडतात. पांडवलेण्यांच्या पायऱ्या गुडघे दुखत असतानाही तिने मागच्या वर्षी चढून दाखवल्या.

मला रजा दोनदाच मिळू शकते, डिसेंबरची अखेर किंवा मेची अखेर. बाबांचं मन डिसेंबरकडे नाही, कारण तेव्हा बागेत माल असतो आणि थंडीची धास्ती असते. पण भाऊ म्हणतो मी सांभाळतो, तुम्ही खुशाल जा. मेपर्यंत खरड छाटणी होऊन गेलेली असते, त्यामुळे तेव्हा बाबा मोकळे. तिथली हवा दोन्ही वेळांना कशी असते? आणि गुडघ्यांचा विचार करून आईला काय काय दाखवावं? जाऊन आलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा.

सातपूर_ते_मिलान

मी दोन वर्षं मिलानला होतो. तिथून व्हेरोना वेगवान रेल्वेने सव्वा तासावर.

डिसेंबर नको. साडेचारला सूर्य मावळतो. थंडी दोन-तीन अंशांची, पण आपल्या निफाडसारखी कोरडी नाही, ओली. अंगातून जात नाही. आणि धुकं. एका जानेवारीत मित्रांबरोबर गेलो होतो, पियात्सा ब्रा या मोठ्या चौकात उभे होतो आणि समोरच्या अरेनाचा, म्हणजे रोमन काळच्या दगडी खुल्या प्रेक्षागृहाचा, वरचा काठ दुपारी बारालाही दिसत नव्हता. १३ डिसेंबरला सांता लुचियाचा सण असतो, त्याच्या आसपास त्या चौकात बाजार भरतो, तो सुंदर असतो. पण तुमची रजा अखेरची आहे, तोवर तो उठलेला असतो.

गोदाकाठ

ताई, मेअखेर. दुसरा विचारच करू नका.

पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं काढून निवृत्त झालो. मुलगी तिकडे शिकत होती तेव्हा मी आणि सौ. दोनदा व्हेरोनात राहून आलो. एकदा मे-जून, एकदा जुलैच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत. त्यामुळे दोन्ही ऋतू अंगावर घेतलेत.

उत्तर इटलीचं मैदान परातीसारखं आहे. उत्तरेला आल्प्स, दक्षिणेला अपेनाइन्स, उघडी बाजू फक्त पूर्वेला समुद्राकडे. व्हेरोना या परातीच्या वरच्या काठाशी, समुद्रसपाटीपासून जेमतेम ६० मीटरवर. परातीत वारा कमी फिरतो. म्हणून हिवाळ्यात धुकं बसून राहतं आणि उन्हाळ्यात उष्मा बसून राहतो. जुलै-ऑगस्टला पारा ३०-३५ दाखवतो. आपल्याला वाटतं, त्यात काय, मालेगावला चव्वेचाळीस होतं. पण त्या हवेत ओल असते, घाम वाळत नाही. तिथले लोक या घुसमटीला ‘आफा’ म्हणतात. आपलं नाशिक पठारावर, संध्याकाळी गार झुळूक येणारच हे आपण गृहीत धरतो. तिथे ऑगस्टात रात्री अकरालाही दगडी भिंतींना हात लावला तर गरम लागतात. सौ.ला त्या दिवसांत दुपारी बाहेर काढता येत नसे.

मेअखेरीला दिवसा पंचविसाच्या आसपास, रात्री पातळ स्वेटर पुरेल. उजेड जवळजवळ नऊपर्यंत. याचा फायदा तुमच्या आईंना फार होईल: दुपारी दोन तास खोलीवर पाय लांब करून निजता येतं आणि तरी सहानंतर अख्खी संध्याकाळ हातात राहते. पाऊस वर्षाला सुमारे ८०० मिलिमीटर, म्हणजे आपल्याहून फार वेगळा नाही, पण तो बाराही महिन्यांत विखुरलेला. पावसाळा असा नाहीच. मे-जूनमध्ये दुपारनंतर आल्प्सच्या बाजूने काळं येतं, अर्धा तास गडगडाट, कधी गारा, आणि पुन्हा ऊन. छत्री पिशवीत कायम ठेवा.

आता नदी. मला विचाराल तर व्हेरोना पाहायचं ते आदिजे नदीच्या काठाने. ४१० किलोमीटर लांब, पो नदीनंतर इटलीत दुसरी. जुन्या गावाला ती इंग्रजी एस अक्षरासारखा वळसा घालून जाते. आपली गोदा जुलै-ऑगस्टात भरते; ही मे-जूनमध्ये फुगते, कारण तेव्हा आल्प्समधलं बर्फ वितळतं. पाणी हिरवट-पांढरं, ताकात कोथिंबीर वाटून घातल्यासारखं, आणि वेग असा की पुलावर उभं राहिलं की पायाखालचा पूलच उलट दिशेला सरकतोय असं वाटतं. पहिल्या सकाळी मी तासभर तिथून हललो नाही.

या नदीने १८८२ च्या सप्टेंबरात निम्म्याहून अधिक गाव बुडवलं. काठाच्या जुन्या भिंतींवर त्या पुराच्या पाण्याच्या खुणा कोरून ठेवल्यात. मी एका खुणेखाली उभा राहिलो तर ती माझ्या डोक्याच्या वर होती. आपण पुराला विचारतो ना, गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला लागलं की छातीला, तशीच ही त्यांची मोजपट्टी. त्या पुरानंतर पुढच्या दहा-बारा वर्षांत त्यांनी दोन्ही काठांना उंच भिंती बांधल्या आणि गावातून फिरणारा नदीचा एक फाटा बुजवून टाकला. तिथे आज रस्ता आहे आणि त्याचं नाव आहे ‘इंतेर्रातो देल्लाक्वा मोर्ता’, म्हणजे मेलेल्या पाण्याचा भराव. सराफ बाजाराखालून सरस्वती नाला वाहतो हे ज्याला माहीत आहे, त्या नाशिककराच्या पोटात ते नाव वाचून काहीतरी हलतंच. आम्ही नाला झाकला आणि वर दुकानं मांडली. दर मोठ्या पावसात तो आठवण करून देतो.

पुढे त्यांनी आणखी मोठं काम केलं. वरच्या अंगाला डोंगरातून सुमारे दहा किलोमीटरचा बोगदा खणला, पुराचं पाणी गार्दा सरोवरात सोडायला. काम १९३९ ला सुरू झालं, मध्ये महायुद्ध आलं, पुरं झालं १९५९ ला. सेकंदाला ५०० घनमीटर पाणी नेण्याची त्याची क्षमता. ऑक्टोबर २०१८ च्या वादळात तो उघडला होता. बोगदा पाहायला जाऊ नका, पाहण्यासारखं काही नाही, पण खालच्या गावात पुलावर उभे असताना तो तिथे आहे हे ठाऊक असावं म्हणून सांगितलं.

या सगळ्याची किंमत मात्र त्या गावाने मोजलीय. भिंतींमुळे गाव वाचलं, पण पाण्याला हात लागत नाही. आपल्याकडे रामकुंडावर म्हातारी माणसं पायरीवर बसून पाय सोडतात, तसं तिथे जुन्या गावात कुठेच जमत नाही. पूर्वी पात्रात तरंगत्या पिठाच्या गिरण्या होत्या, त्याही गेल्या. सौ. भिंतीवरून वाकून म्हणाली, “एवढी सुंदर नदी आणि घाट नाही.” मला आजही त्याचं वाईट वाटतं.

आईंना पाँते पिएत्रा हा पूल दाखवाच. मूळ रोमन, दोन हजार वर्षांपूर्वीचा. पाच कमानी आहेत. रोमन नाट्यगृहाच्या काठाकडच्या दोन पांढऱ्या मोठ्या दगडांच्या, उरलेल्या लाल विटांच्या, कारण पुरांनी पाडल्या तशा पुढच्या पिढ्यांनी आपापल्या काळाच्या रीतीने बांधल्या. २५ एप्रिल १९४५ च्या सुमारास माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने हा पूल सुरुंग लावून उडवला. गावातले सगळेच पूल उडवले. नंतर लोकांनी नदीतून ते दगड शोधून बाहेर काढले, जुन्या छायाचित्रांवरून कुठला कुठे होता ते ताडलं आणि १९५७ ते ५९ मध्ये पूल त्याच दगडांनी उभा केला. कठड्याशी उभं राहून काठाच्या कमानीकडे निरखून पाहा. काही दगडांचे कोपरे तुटलेले आहेत आणि शेजारच्याशी त्यांची कड नीट जुळत नाही. ती न जुळणारी कड हात लावून पाहिली तेव्हा मला अहिल्याबाई होळकर पूल आठवला. १८९५ पासून इतके पूर अंगावर घेऊन उभा असलेला आपला पूल, आपण त्यावरून रोज जातो आणि खाली कधी बघत नाही.

अरेनाबद्दल बहुतेकांना माहीत असतं. इसवी सनाच्या पहिल्या शतकातलं, बांधकाम इतकं भक्कम की आजही उन्हाळ्यात ऑपेरा होतात. १११७ सालच्या भूकंपात बाहेरचं कडं पडलं, त्यातल्या चारच कमानी उरल्यात. त्या बघितल्या की मूळची उंची कळते. ऑपेराची परंपरा १९१३ ची, वेर्दी या संगीतकाराच्या जन्मशताब्दीला सुरू झालेली. मोसम जूनमध्ये सुरू होतो, त्यामुळे तुमच्या तारखांना तो बहुधा हुकेल. हुकला तर हळहळू नका. आम्ही ऑगस्टात गेलो, रात्री नऊनंतर सुरू झालं, दहाला थेंब पडले आणि वादकांनी व्हायोलिनं पोटाशी धरून आत नेली. तासभर दगडी पायऱ्यांवर बसून राहिलो, पुढे झालंच नाही. एकदा सुरू झालेल्याचे पैसे परत मिळत नाहीत.

पण अरेनासमोरच्या रुंद फरसबंदीवर, तिला लिस्तोन म्हणतात, एक गोष्ट जरूर पाहा. फरशी लाल-गुलाबी दगडाची आहे, व्हेरोनाजवळच्या व्हाल्पोलिचेल्ला या द्राक्षपट्ट्याच्या डोंगरातली. दुसऱ्या दिवशी पावसाने ती ओली होती. सौ. चालता चालता थांबली, पदर सावरून खाली बसली आणि फरशीवर बोट फिरवायला लागली. “अहो, हा तर शाळिग्राम!” खरंच होतं. तळहाताएवढं चक्र, आतल्या वेढ्यापासून बाहेरच्या वेढ्यापर्यंत एकेक रेघ स्पष्ट. ज्युरासिक काळातल्या समुद्रतळाचा दगड आहे तो, आणि आपल्या देव्हाऱ्यातल्या गंडकीच्या शाळिग्रामात असतो त्याच जातीचा शंखजीव त्यात आहे. आपला काळा पाषाण लाव्ह्याचा, त्यात असलं काही सापडणं शक्यच नाही, म्हणून आम्हाला त्याचं इतकं अप्रूप. पुढे तिने चौकभर चौदा मोजले. त्यांच्यावरून माणसं आइस्क्रीम खात चालली होती. फरशी ओली असली तरच चक्रं उठून दिसतात, तेव्हा पाऊस पडून गेला की लगेच जा.

सान झेनो चर्च थोडं बाजूला आहे, पण आईंसाठी तेच सर्वांत आवडतं ठरेल असा माझा कयास. दाराला कांस्याचे ४८ चौकोन ठोकलेत, नऊशे वर्षांच्या आसपासचे, प्रत्येकात एक कथा. भिंतीत एक थर दगडाचा, एक विटेचा, असे पट्टे आहेत. आत गर्दी नसते, बाकावर हवं तितकं बसता येतं. कास्तेल्वेक्क्यो किल्ला १३५४ ते ५६ मधला, त्याचा लाल विटांचा पूल बघून घ्या. हाही १९४५ ला उडवून पुन्हा बांधलेला. शेक्सपिअरच्या ज्युलिएटचं घर म्हणून एक सज्जा असलेलं घर दाखवतात तिथे रांगेत उभं राहू नका. तो सज्जा विसाव्या शतकात बसवलेला आहे. तेवढ्या वेळात पियात्सा देल्ले एर्बे या बाजारचौकात बसा, तिथे खाली रोमन काळचा चौक होता.

गुडघ्यांसाठी दोन गोष्टी. लांबेर्ती मनोरा ८४ मीटर उंच आहे पण लिफ्ट आहे. आणि पुलापलीकडच्या सान पिएत्रो टेकडीवर जायला रुळावरची छोटी गाडी आहे, पायऱ्या चढू नका. वरून नदीचा सगळा वळसा एका नजरेत येतो.

मखमलाबादकर

बागाईतदारांच्या गटाबरोबर व्हाल्पोलिचेल्लाला जाऊन आलोय, तेवढंच सांगतो. बाबांना तिथे परकं वाटणार नाही. त्यांची जुनी पद्धत ‘पेर्गोला’ म्हणजे आपला मांडवच. वेल डोक्यावर, घड खाली लोंबतात. ऊन घडावर थेट येत नाही. गारपिटीची भीती त्यांनाही तितकीच, जिथे तिथे जाळ्या. कोरविना, रोंदिनेल्ला या जातींचे घड सप्टेंबर-ऑक्टोबरला तोडतात आणि उत्तम वाइनसाठी ते तीन-चार महिने हवेशीर माळ्यावर सुकवतात. वजन तिसऱ्या हिश्श्याहून जास्त उतरतं. बेदाण्याचं शेड पाहिलेल्याला ते लगेच कळतं. मेअखेरीला माळे रिकामे असतील, पण वेल फुलोऱ्यात येत असतो. बाबांना तो वास ओळखीचा आहेच.

कादवाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. मेअखेर पक्की केली. काल गावी गेले तेव्हा गोदाकाठ काकांचं सगळं आई-बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. शाळिग्रामाचं ऐकून आई उठून देवघरात गेली आणि आमचा काढून हातात घेऊन बसली. बाबांनी फक्त मांडवाचं पुन्हा वाचायला लावलं, आणि विचारलंय की तिकडे काड्या कशाने बांधतात, तारेने की सुतळीने?

गोदाकाठ

बाबांना सांगा, आता बहुतेक ठिकाणी यंत्राने प्लास्टिकचा धागा नाहीतर तार. पण एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या बागेत मी वाळुंजाच्या जातीच्या झाडाच्या ओल्या फांद्या पाहिल्या. बोटाहून बारीक, पिवळसर. जुनी रीत तीच. बांधाला दोन-तीन झाडं त्यासाठीच राखलेली. फांदी वेलाभोवती फिरवायची, दोन पीळ द्यायचे आणि टोक आत खुपसायचं. वाळली की गाठ आणखी घट्ट. त्याने मला एक बांधायला दिली होती. माझा पीळ सुटला, त्याने माझा हात धरून परत बांधून घेतला.