मदत हवी आहे: आईंच्या अंगणातलं निळ्या फुलांचं झुडूप ओळखायचंय, आणि शेवंतीला कळ्याच नाहीत (इंदूर)

नमस्कार मंडळी,

इंदूरला रामबागेत आमचं जुनं घर आहे. सासूबाई (आम्ही त्यांना आईच म्हणायचो) चैत्रात गेल्या. घर पाडून नवं बांधायचं ठरलंय, संक्रांत झाली की काम सुरू होईल. आम्ही विजयनगरला फ्लॅटमध्ये राहतो. बाल्कनी लांबट आहे, सकाळचं ऊन येतं, तेवढ्यात आईंच्या अंगणातलं जमेल तितकं न्यायचंय. सोनटक्क्याचे गड्डे काढून झाले, तुळस आणि अबोली आली, पारिजातकाच्या बिया गोळा केल्या. दोन गोष्टींपाशी मात्र अडले आहे. फोटो चढवायचा दोन दिवस प्रयत्न केला, चढत नाहीये, म्हणून जमेल तेवढं शब्दांतच सांगते.

मागच्या भिंतीला लागून, पाण्याच्या टाकीपासून थेट मोरीपर्यंत एकाच जातीच्या झुडपांची रांग आहे. उंची साधारण माझ्या छातीपर्यंत. पानं समोरासमोर, लांबट, टोकाला निमुळती, त्यांच्यावर बारीक लव आहे त्यामुळे हाताला किंचित खरखरीत लागतात. फांद्यांना काटे नाहीत. वर्षभर हे झुडूप कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. पाऊस ओसरला की कळ्या धरतात आणि नवरात्रापासून थंडी पडेपर्यंत फुलत राहतं. फूल जांभळट निळं, पाच पाकळ्यांचं, मागे बोटाच्या दोन पेरांएवढी नळी, वास अजिबात नाही. फुलाच्या तोंडातून दोन केसर बाहेर डोकावतात.

सगळ्यात वेगळं आहे ते फुलाच्या मागे. तिथे पानासारखी दोन चपटी दलं समोरासमोर मिटलेली असतात, त्यांच्यावर शिरांची जाळी असते आणि कडेनं बारीक दातेरी काटे. फूल गळलं तरी ही दलं फांदीवरच राहतात, सुकून पेंढ्याच्या रंगाची होतात आणि चांगलीच टोचतात. आमच्याकडे घटाची तिसरी माळ निळ्या फुलांची असते. गोकर्णाचा वेल ज्या वर्षी दगा देई, त्या वर्षी आई याच फुलांची माळ करायच्या. देठासकट कधी तोडत नसत. चिमटीत नळी धरून फूल त्या दलांमधून अलगद उपसायच्या आणि परातीत पाण्यावर सोडायच्या. मी सून म्हणून आले तेव्हा मला पहिल्यांदा शिकवलेलं काम हेच.

पण नाव विचारलं तर म्हणायच्या, "माळेचं झाड." मीही पुढे कधी विचारलं नाही, याची आता फार हळहळ वाटते.

माळी भैया म्हणतात, "ये तो पटाखेवाला पौधा है, जंगली है." ज्याच्या शेंगा पाण्यात टाकल्या की तडकन फुटतात ते रुएलिया मला माहीत आहे, लहानपणी आम्हीही फोडल्या आहेत. हे तेच का? माझ्या नणंदेला ही कोरांटी वाटते. पण मला माहीत असलेली कोरांटी पिवळी आणि काटेरी, नुसता हात लावला तरी रक्त काढणारी. शिवाय रांगेच्या टोकाचं एक झुडूप पान-फांदीला अगदी तसंच आहे, पण फुलं पांढरी आणि प्रत्येक पाकळीवर जांभळा पट्टा. ती जात वेगळी की तीच? आणि न्यायचं कसं, मुळासकट उपटून, छाटे लावून की बियांपासून?

आता शेवंती. आईंची जुनी पिवळी शेवंती, लहान फुलांची, जिला इथले लोक सेवंती म्हणतात. प्रदर्शनातली मोठाली गुलदाउदी नव्हे. एकाच वाफ्यातल्या काश्या (मुळापाशी फुटलेले कोंब) मी जूनमध्ये सोडवून बारा गमल्यांत लावल्या. सगळ्यांना माती एकच: आपली काळी माती, तिच्यात निम्मी वाळू (नाहीतर पाणी धरून बसते), शेणखत आणि पानांचा कुजवा. शेंडे दोनदा खुडले, शेवटचे पोळ्याच्या सुमारास. भुईमुगाची पेंड भिजवून महिन्यातून एकदा सगळ्यांना सारखी दिली.

चार गमले मागच्या जिन्याखाली आहेत. तिथे ऊन कमी, आणि खरं सांगायचं तर पाणीही कधी मिळतं, कधी राहून जातं. ते चारही कळ्यांनी लगडलेत. आठ गमले पुढच्या कंपाउंडच्या भिंतीवर ओळीनं ठेवलेत. तिथे दिवसभर ऊन, पाणी वेळेवर. झाडं हिरवीगार, मागच्यांपेक्षा वीतभर उंच, आणि कळी एकही नाही! फक्त फाटकाच्या खांबाआड जो गमला आहे, त्याच्या खांबाकडच्या दोन फांद्यांना कळ्या आल्यात. त्याच झाडाच्या बाकी फांद्या कोऱ्या आहेत. मावा नाही, पानांवर डाग नाहीत. तुळशीचं लग्नसुद्धा लागलं. अजून वाट पाहू की यंदा आशा सोडून देऊ?

या वर्षी अंगणात दुसरं काहीच बदललं नाही. समोर नवं घर झालं, त्यांनी श्रावणात फाटकावर मोठा दिवा लावला, त्यामुळे रात्री कुलूप चाचपडावं लागत नाही, एवढंच.

प्रतिसाद, पुण्याहून:

ताई, झाड उंच, हिरवंगार आणि कळी नाही म्हणजे नत्र जास्त झालं. पेंड ताबडतोब बंद करा. थोडी राख किंवा पोटॅश द्या आणि पाण्याला दोन दिवसांचा ताण द्या. माझ्या गच्चीवर एका वर्षी हेच झालं होतं, ताण दिल्यावर पंधरा दिवसांत कळ्या दिसल्या.

प्रतिसाद, बडोद्याहून:

तुमच्या नणंदेचं बरोबर आहे, ही कोरांटीच. तुम्ही मागच्या दलांचं इतकं नीट वर्णन केलंत की फोटोची गरजच उरली नाही. रुएलियाच्या फुलामागे पाच अरुंद, सारख्या पात्या असतात आणि आत चार पुंकेसर. कोरांटीच्या कुळीत बाहेरची दोन दलं मोठी पानासारखी आणि त्यांच्या आत दोन अगदी बारीक. एक फूल उपसून आत बघा, ती धाकटी दोन दिसतील. मोठे पुंकेसर दोनच, तेही तुम्ही लिहिलंय.

तुमची ती बार्लेरिया क्रिस्टाटा, म्हणजे निळी कोरांटी. पिवळी काटेरी ती बार्लेरिया प्रायोनायटिस, जिला वज्रदंती म्हणतात. संस्कृतात या सगळ्यांना झिंटी म्हणत आणि पिवळीला कुरंटक. आपला 'कोरांटी' शब्द त्यातूनच आला. बार्लेरिया हे नाव बारेलिए या फ्रेंच वनस्पतितज्ज्ञावरून आलं. अबोली आणि अडुळसा हे हिचे घरातलेच.

माळी भैयांचंही अगदीच चूक नाही. या घराण्यातल्या पुष्कळांची बोंडं वाळली की तडकून बिया उडवतात. फरक बियांत सापडेल. रुएलियाच्या लांबट शेंगेत पुष्कळ बिया असतात. निळ्या कोरांटीच्या बोंडात फार तर चार, चपट्या, रेशमी लव असलेल्या. एक बी पाण्याचा थेंब घालून बोटावर ठेवा, बुळबुळीत होईल.

पट्ट्यांचं झुडूप वेगळ्या जातीचं नाही, रंग तेवढा निराळा. पण तो रंग जसाच्या तसा हवा असेल तर बियांच्या भरवशावर राहू नका, छाटेच लावा. या वर्षीच्या फांद्या निवडा, फार कोवळ्या नकोत आणि फार जून नकोत. तीन-चार डोळ्यांचा तुकडा घ्या, खालची पानं काढा, फुलं-कळ्या तर सगळ्याच खुडा. निम्मी वाळू, निम्मं कोकोपीट. वर पारदर्शक पिशवी, आणि जागा सावलीची. खरा हंगाम पावसाळा, थंडीत मुळं सावकाश सुटतात. तुमच्या हातात पावसाळा नाही, म्हणून हवेत तितक्यांच्या तिप्पट लावा आणि आजच लावा.

प्रतिसाद, ग्वाल्हेरहून:

पुण्याच्या दादांचा सल्ला एरवी चांगला आहे, पण इथे नत्राचा दोष नसावा. पेंड बाराही गमल्यांना सारखीच दिलीय ना? मग मागचे चार कसे फुलले? आणि एकाच झाडाच्या दोन फांद्यांना कळ्या, बाकीच्यांना नाहीत, हे खतानं होत नाही. खत मुळातून सगळ्या झाडाला जातं.

ताई, दोष समोरच्या दिव्याचा आहे.

शेवंती रात्र मोजते. दसऱ्याच्या आसपास दिवस लहान आणि रात्र मोठी होऊ लागली की ती कळी धरते. रात्रीचा अंधार मात्र सलग हवा. पानांवर रात्री उजेड पडत राहिला की तिच्या लेखी उन्हाळाच चालू असतो, म्हणून ती नुसती उंच वाढते. हे पानांना कळतं, आणि ज्या फांदीच्या पानांना अंधार मिळाला तीच फांदी कळी धरते. तुमच्या खांबाआडच्या दोन फांद्यांवर खांबाची सावली पडत असणार. आज रात्री जाऊन बघा. त्या दिव्यात वर्तमानपत्राचे मथळे वाचता येत असतील, तर एवढा उजेड शेवंतीला पुष्कळ झाला.

यात नवल काही नाही. 1920 साली अमेरिकेत गार्नर आणि अलार्ड यांनी तंबाखू आणि सोयाबीनवर हेच दाखवून दिलं. माळव्यात तर घरोघरी सोयाबीन, तेही असंच रात्र मोजणारं पीक. शेवंतीची शेती करणारे याचाच उपयोग करून घेतात: फुलं उशिरा हवी असतील तर शेतात रात्री दिवे लावतात, लवकर हवी असतील तर संध्याकाळीच काळं कापड ओढतात.

आशा सोडू नका. आठही गमले आजच मागे, जिन्याखाली न्या. जिन्यातला दिवा रात्री लावू नका. तीन आठवड्यांत बारीक कळ्या दिसतील आणि फुलं साधारण संक्रांतीला. आता शेंडे मात्र मुळीच खुडू नका. आमच्याकडे जानेवारीत धुकं आणि कडाका असतो. तुमचं इंदूर त्यामानानं सौम्य, फुलांना त्रास होऊ नये.

मूळ प्रश्नकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री नऊ वाजता रामबागेत जाऊन आले. खांबाची सावली बरोबर त्या दोन फांद्यांवरून जाते, सुरीनं कापल्यासारखी सरळ. उजेडातल्या पानांच्या शिरासुद्धा मोजता येत होत्या. इतके दिवस मी फक्त दिवसा जाऊन बघत होते. आठही गमले तेव्हाच मागे नेले. समोरच्यांना काही बोलले नाही. घर नवं आहे, लहान मुलं आहेत, दिवा लागणारच.

कोरांटीचं फूल उपसून आत पाहिलं. धाकटी दोन दलं आहेत, नखाएवढी, जवळजवळ पारदर्शक. तीस वर्षं हे फूल हाताळूनही ती कधी नजरेला पडली नव्हती. बी पाण्यात भिजवली, बुळबुळीत झाली. निळ्याचे चोवीस छाटे लावलेत, पट्ट्याचे बारा.

मूळ प्रश्नकर्ती:

आज मार्गशीर्षातला पहिला गुरुवार, म्हणून कळवायला आले. जिन्याखाली नेलेल्या आठांपैकी सहा गमल्यांना शेंड्याशेंड्यावर मोहरीच्या दाण्याएवढ्या कळ्या आल्यात. उरलेल्या दोनांचे शेंडे जाडसर वाटतात, तेही धरतील असं दिसतंय. आजच्या पूजेला आधीच्या चार गमल्यांतली फुलं घेतली, त्यामुळे लक्ष्मीपुढे आईंचीच शेवंती होती.

छाट्यांपैकी निळ्याचे नऊ अजून ताठ आहेत, तिघांना नवं पान फुटलंय. पट्ट्याचे चारच टिकलेत आणि त्यांचीच काळजी वाटते. पिशवीच्या आतून सकाळी पाण्याचे थेंब जमतात. ते रोज पुसून काढावेत की तसेच राहू द्यावेत? बडोद्याच्या ताई, एवढं सांगाल का?

आणि इंदुरात कुणाला निळी कोरांटी हवी असेल तर संक्रांतीच्या आत रामबागेत येऊन फांद्या घेऊन जा, इथेच निरोप टाका म्हणजे वेळ ठरवू. येताना कात्री आणि ओलं फडकं आणा, आणि हातमोजे असतील तर तेही. ती सुकलेली दलं टोचतात.