ग्रीक घुबडे आणि ग्रीक खुर्दा : प्राचीन नाणी खासगी संग्रहात असावीत का?

चर्चाप्रस्ताव : घुबडछाप (म्युनिक)

गेली सोळा वर्षे मी प्राचीन ग्रीक नाणी जमवीत आहे. संग्रह लहानच आहे. चांदीची एकतीस नाणी आणि कांस्याची त्याच्या दुप्पट. गेल्या महिन्यात पुण्याहून आलेल्या, पुरातत्त्वाचा अभ्यास केलेल्या एका स्नेह्यांनी तो सगळा संग्रह मन लावून पाहिला आणि अखेरीस शांतपणे विचारले, "पण ही नाणी तुमच्या घरात का आहेत?" त्या वेळी मला धड उत्तर देता आले नाही. ते येथे देतो, आणि ज्यांना ते पटणार नाही त्यांनी तसे स्पष्ट लिहावे, अशी विनंती करतो.

माझ्याकडे अथेन्सचे चार ड्रॅक्मांचे (ड्रॅक्म हे ग्रीक चलनाचे एकक) एक नाणे आहे. वजन १७.०८ ग्रॅम. दर्शनी बाजूस शिरस्त्राण घातलेली अथेना देवी आहे. मात्र चांदीची चकती ठशापेक्षा लहान पडल्यामुळे शिरस्त्राणाचा तुरा नाण्यावर उमटलेलाच नाही. मागील बाजूस समोर रोखून पाहणारे घुबड, त्याच्या मागे ऑलिव्हची डहाळी व इवलीशी चंद्रकोर, आणि पुढे अथेन्सच्या नावाची पहिली तीन अक्षरे. घुबडाच्या पाठीवर छिन्नीचा खोल घाव आहे. लिलावात अशा घावामुळे किंमत उतरते, पण मला त्या नाण्याचा तोच भाग सर्वांत मोलाचा वाटतो, कारण आत तांबे तर दडवलेले नाही ना, हे पाहण्यासाठी कोण्या पारख्याने तो घातलेला आहे. इ.स.पू. ३७५-३७४ मधील अथेन्सचा एक कायदा दगडावर कोरलेला सापडला आहे. त्यानुसार बाजारात सरकारी पारखी बसत असे, तो स्वतः नगराचा गुलाम असे, आणि आत तांबे किंवा शिसे असलेले खोटे नाणे त्याने जागच्या जागी कापून देवमातेला अर्पण करावे, असा नियम होता. हा कायदा मी कितीतरी वेळा वाचला होता. परंतु त्या घावाच्या कडेवरून बोट फिरवले, तेव्हा तो मला खऱ्या अर्थाने कळला. काचेच्या कपाटापलीकडून तो तसा कळला असता, असे मला वाटत नाही.

दुसरे म्हणजे, आज आपण ज्यांना महान सार्वजनिक संग्रह म्हणतो, त्यांतले कित्येक मुळात खासगीच होते. रिचर्ड पेन नाइट यांची नाणी १८२४ मध्ये ब्रिटिश म्युझियमकडे गेली, ड्यूक द ल्यून यांनी आपला संग्रह १८६२ मध्ये पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या नाणेविभागास दिला, आणि इम्होफ-ब्लूमर यांचा संग्रह १९०० मध्ये बर्लिनने विकत घेतला. एकाच ठशाची नाणी शोधून टांकसाळीत ती कोणत्या क्रमाने पाडली गेली हे ठरवण्याचे किचकट काम इम्होफ-ब्लूमर यांच्यासारख्या संग्राहकांनी पदरमोड करून केले.

माझी अट एकच आहे. नाणे १९७० पूर्वीपासून कोणाच्या तरी संग्रहात होते, असा कागद हवा. १९७० हे सांस्कृतिक वस्तूंच्या बेकायदा व्यापाराविरुद्धच्या युनेस्कोच्या कराराचे वर्ष आहे. ही अट पाळल्यास खासगी संग्रह गैर नाही, असे माझे मत आहे.

प्रतिसाद : मातीचा थर

आपली अट प्रामाणिक आहे, पण ती पुरेशी नाही, आणि आपण उदाहरणासाठी निवडलेले नाणेही सोयीचे आहे. अथेन्सचे घुबड सिसिलीपासून इजिप्तपर्यंत फिरले, त्यामुळे ते कोठे सापडले हे ठाऊक नसले तरी त्यातून काही ना काही कळते. तुमच्या संग्रहातील दोन तृतीयांश नाणी कांस्याची आहेत, आणि त्यांच्याविषयी तुम्ही एक ओळही लिहिलेली नाही. माझे सगळे म्हणणे त्यांच्याविषयीच आहे.

कांस्याचे नाणे म्हणजे त्या काळचा खुर्दा. अथेन्समध्ये सहा ओबोलांचा एक ड्रॅक्म होई आणि आठ खाल्कांचा एक ओबोल. मासळी, कांदे, तेलाचा वाडगा यांची किंमत या तांब्या-कांस्याच्या तुकड्यांत चुकती होई. आपल्या नगराच्या वेशीबाहेर या खुर्द्याला फारशी पत नसे, म्हणून तो दूर जात नसे. त्यामुळेच असे नाणे ज्या खोलीत, ज्या थरात सापडते, तेथे त्याचे मोल अमाप असते. तेथून उचलले की ते जवळपास मुके होते.

उत्तर ग्रीसमधील ऑलिंथस घ्या. मॅसेडोनच्या फिलिपने इ.स.पू. ३४८ मध्ये हे शहर उद्ध्वस्त केले, आणि १९२८ ते १९३८ या काळात तेथे उत्खनन झाले. नाणी घरवार नोंदली गेली, त्यामुळे कोणत्या घरात पैसा जमिनीखाली पुरलेला होता आणि कोणत्या घरात नुसता खुर्दा विखुरलेला होता, हे आज सांगता येते. शहराच्या अंताचे वर्ष ठाऊक असल्यामुळे तीच नाणी इतर ठिकाणच्या थरांचा काळ ठरवण्यासही उपयोगी पडतात. तेथील अपोलो आणि तंतुवाद्य असलेले कांस्य नाणे आज लिलावात ज्या किमतीला मिळते, त्यात दोघांचे चांगले जेवणही होणार नाही. एवढ्याशा पैशासाठी कोणीतरी रात्री धातुशोधक यंत्र घेऊन शेतात उतरतो, चांदी सापडेल या आशेने खणतो, आणि हाती आलेले कांस्य पसाभर गोळा करून घाऊक विकतो. त्या खड्ड्यातील भिंत, चूल, खापरे यांची वाट लागते ती वेगळीच.

चांदीचे उदाहरण हवे असेल तर तेही देतो. १९८४ मध्ये तुर्कस्तानातील एल्माली येथे असेच यंत्र वापरून सुमारे १९०० चांदीच्या नाण्यांचा निधी, म्हणजे एकत्र पुरलेला साठा, खणून काढण्यात आला. अथेन्सची दहा ड्रॅक्मांची नाणी तोवर जगात जेमतेम डझनभर ठाऊक होती; या एका निधीत जवळपास तितकीच निघाली. तो सगळा साठा चोरून देशाबाहेर गेला, आणि त्याचा बहुतांश भाग परत मिळवण्यासाठी तुर्कस्तानला १९९९ पर्यंत झगडावे लागले. जोवर विकत घेणारा आहे, तोवर खणणारा आहे.

प्रतिसाद : गोदाकाठ (नाशिक)

मी 'मातीचा थर' यांच्याशी सहमत आहे, आणि त्यांना आमच्या परिसरातील दाखल्याची जोड देतो. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगलटेंभी येथे क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा निधी सापडला. हा दाखला विषयाबाहेरचा नाही. नहपानाच्या नाण्यांवर राजाच्या मुखाभोवती ग्रीक अक्षरांची ओळ असते, आणि ही घडण हिंद-ग्रीक राजांच्या ड्रॅक्मांवरूनच आलेली आहे. त्या निधीत तेरा हजारांहून अधिक नाणी होती, आणि त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा ठसा पुन्हा मारलेला होता.

निधी बहुतांशी एकत्र तपासला गेला म्हणून हे प्रमाण आपल्याला ठाऊक आहे. तीच नाणी सराफांच्या हाती सुटी सुटी गेली असती, तर दुहेरी ठशाची वेगळी आणि स्वच्छ वेगळी अशी विभागली गेली असती, काही मुशीत गेली असती, आणि शत्रूचा पैसा गोळा करून त्यावर आपली मोहोर उठवण्याचे काम सातवाहनांनी किती मोठ्या प्रमाणावर केले, याचा अंदाज कोणालाच आला नसता. एक नाणे म्हणजे एक अक्षर असेल, तर निधी हे अख्खे वाक्य आहे.

भारतात राहणाऱ्या वाचकांसाठी एक सूचनाही करतो. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी नाणी पुरावशेषांत मोडतात, आणि खासगी व्यक्तीस ती देशाबाहेर नेता येत नाहीत. हिंद-ग्रीक राजा मिनँडरचा ड्रॅक्म हौसेने परदेशातील नातलगास भेट म्हणून पाठवू नये.

प्रतिसाद : कळंक

मी निवृत्त रसायनतज्ज्ञ आहे आणि मला संग्राहकांची बाजू मांडावीशी वाटते, कारण मी स्वतः अशी कित्येक नाणी वाचवली आहेत. कांस्यावर चढणारा गडद, घट्ट, गुळगुळीत हिरवा थर नाण्याचे रक्षण करतो. पण क्लोराइड आत शिरलेले असेल, तर दमट हवेत फिकट हिरवी, पिठासारखी भुकटी वर येऊ लागते आणि नाणे आतून पोखरले जाते. एका परिचिताकडील सिसिलीतल्या सिराक्यूजचे कांस्य नाणे असे झाले होते. त्यावरील डॉल्फिनच्या शेपटीपाशी टोचणी टेकवताच तो भाग पिठासारखा ढासळला. ते नाणे ऊर्ध्वपातित पाण्यात ठेवणे, दर आठवड्याला पाणी बदलणे, सावकाश वाळवणे आणि मग कोरड्या डबीत बंद करणे, यात पाच महिने गेले. हजारो नाणी असलेल्या संग्रहालयात एका साध्या, झिजलेल्या नाण्यासाठी इतका वेळ देणारा माणूस कोठून आणणार? ज्याचे त्या वस्तूवर प्रेम आहे, तोच हे करतो. हे प्रेम सरसकट गुन्ह्याच्या खात्यात जमा करू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

प्रतिसाद : घुबडछाप

'मातीचा थर' यांनी माझ्या लेखनातील उणीव नेमकी दाखवली. कांस्याविषयी मी लिहिले नाही, याचे कारण मलाच त्याचे उत्तर अवघड वाटत होते.

तरीही चांदीच्या बाबतीत मी माझे मत सोडत नाही. इजिप्तमधील अस्यूत येथे १९६८-६९ च्या सुमारास मजुरांना सुमारे ९०० जुन्या चांदीच्या नाण्यांचा निधी मिळाला आणि तो लगेच बाजारात पांगला. नाण्यांचे अभ्यासक मार्टिन प्राइस आणि नॅन्सी वॅगनर यांनी व्यापारी व संग्राहक यांच्याकडून एकेका नाण्याची माहिती मिळवली आणि १९७५ मध्ये तो निधी कागदावर पुन्हा उभा केला. त्यातील कित्येक नाण्यांवर छिन्नीचे घाव आहेत, कारण इजिप्तमध्ये ग्रीक नाणे हे नाणे म्हणून चालत नसे, ती फक्त तोलून घेण्याची चांदी होती. माझ्या घुबडावरील घावही तशाच एखाद्या पूर्वेकडील सराफाचा असू शकतो, हे मला त्या अभ्यासामुळे कळले. संग्राहकांनी आपली दारे लावून घेतली असती, तर हा अभ्यास झालाच नसता.

बनावट नाण्यांचा प्रश्नही याच्याशी निगडित आहे. १९८८ मध्ये काळ्या समुद्राच्या काठावरील अपोलोनिया आणि मेसेम्ब्रिया या नगरांची लहान चांदीची नाणी बाजारात एकदम ढिगाने आली आणि पुढे ती आधुनिक बनावट ठरली. त्या वादात व्यापारी आणि संग्राहक हिरिरीने उतरले होते. मी स्वतः सुरुवातीच्या काळात एका विक्रेत्याकडून कॉरिंथचे पेगॅसस असलेले नाणे घेतले होते. ते साच्यात ओतलेले आहे, हे भिंगाखाली कडेची पुसट शिवण पाहिल्यावर तीन वर्षांनी लक्षात आले. ते मी विकले नाही. नवख्यांना दाखवण्यासाठी वेगळे ठेवले आहे.

प्रतिसाद : मातीचा थर

अस्यूतच्या अभ्यासाबद्दल मलाही आदर आहे, पण तो आग लागल्यावर वाचवलेल्या सामानाच्या यादीसारखा आहे. निधी नेमका कोठल्या जागी होता, सोबत आणखी काय होते, यादीत न आलेली नाणी किती, हे प्राइस आणि वॅगनर यांनाही सांगता आले नाही.

आता तुमच्या कागदाच्या अटीकडे वळतो. सीझरच्या वधाचे स्मरण करणारे ब्रूटसचे सोन्याचे नाणे २०२० मध्ये ३२ लाख पौंडांहून अधिक किमतीला विकले गेले. त्यालाही जुन्या संग्रहाचा इतिहास जोडलेला होता. तो खोटा निघाला आणि २०२३ मध्ये ते नाणे ग्रीसला परत देण्यात आले. इतक्या मोठ्या विक्रीत कागद खोटा असू शकतो, तर चाळीस युरोंच्या नाण्याचा कागद कोण तपासणार? दुसरी घटना याहून बोलकी आहे. २०१२ मध्ये न्यू यॉर्कमध्ये एका नामवंत संग्राहकास सिसिलीतून नुकतीच खणलेली म्हणून बाळगलेल्या नाण्यांवरून अटक झाली, आणि तपासणीत ती नाणी बनावट निघाली. एवढ्या जाणकाराला नाणे अस्सल आहे की नाही हे ओळखता आले नाही. पण ते चोरीचे आहे असे वाटत असूनही त्याने ते घेतले. मला त्यातला दुसरा भाग अधिक गंभीर वाटतो.

'कळंक' यांच्या कामाला माझा विरोध नाही. त्यांनी ते एखाद्या संग्रहालयात स्वयंसेवक म्हणून केले, तर मी त्यांना हात जोडीन.

प्रतिसाद : घुबडछाप

काल रात्री मी कांस्याचे सर्व खण उघडून बसलो. बासष्ट नाण्यांपैकी फक्त नऊ नाण्यांचा १९७० पूर्वीचा इतिहास माझ्याकडे लेखी आहे. म्हणजे जी अट मी येथे अभिमानाने मांडली, ती मी स्वतःच चांदीपुरती पाळली आणि स्वस्त नाण्यांच्या बाबतीत ढिली सोडली. यापुढे कागद नसलेले कांस्य मी घेणार नाही. चांदीबाबत मात्र माझे मत कायम आहे.

त्या नाण्यांत ऑलिंथसच्या नेतृत्वाखालील नगरसंघाची, अपोलो आणि तंतुवाद्य असलेली दोन नाणीही आहेत. दोन्ही एकाच पाकिटात आली होती. पाकिटावर पेन्सिलीने 'उत्तर ग्रीस' एवढेच लिहिले आहे. एका नाण्यावर वाद्याच्या तारांमध्ये अजून तांबूस माती आहे. यांचे आता काय करावे?

प्रतिसाद : मातीचा थर

ती माती धुऊ नका. दोन्ही नाण्यांचे वजन करा, दोन्ही बाजूंची आणि कडेची छायाचित्रे मोजपट्टी शेजारी ठेवून घ्या, पाकिटाचेही छायाचित्र घ्या, आणि ते कोणत्या साली, कोणत्या विक्रीत घेतले ते लिहून काढा. एकाच पाकिटात आली असतील तर ती पुन्हा वेगळी करू नका. मग अथेन्सच्या नाणेसंग्रहालयाला पत्र लिहा. मसुदा करायला मी मदत करीन.