मदत हवी आहे: बूट होतानाच साउंड मॉड्यूल लोड करायचंय

नमस्कार मंडळी,

आजी फोनवर जात्यावरच्या ओव्या सांगते, त्या मी डेबियन 12 या लिनक्सवर रेकॉर्ड करतो. त्यासाठी ‘एसएनडी-एलूप’ मॉड्यूल लागतं (कर्नलचा जोडभाग; एका प्रोग्रामचा आवाज दुसऱ्याकडे वळवणारं आभासी साउंड कार्ड, म्हणजे लूपबॅक, तयार करतो). दर वेळी रूट (ॲडमिन) होऊन ‘मॉडप्रोब’ ही मॉड्यूल लोड करायची कमांड चालवायचो. परवा विसरलो आणि तासाभराच्या ओव्या गेल्या. फार वाईट वाटलं.

म्हणून बूट होताना लोड करायच्या मॉड्यूल्सच्या ‘मॉड्यूल्स-लोड.डी’ फोल्डरमध्ये ‘.कॉन्फ’ फाइल करून मॉड्यूलचं नाव लिहिलं. आता ते आपोआप लोड होतं, पण खऱ्या साउंड कार्डाच्या आधी! त्यामुळे कार्ड 0, म्हणजे आवाजासाठी आपोआप निवडलं जाणारं पहिलं कार्ड, लूपबॅकच होतं आणि स्पीकर गप्प.

मॉड्यूल्सचे ऑप्शन ठेवायच्या ‘मॉडप्रोब.डी’ फोल्डरमध्ये ‘इंडेक्स=5’ (कार्डाचा क्रमांक 5) असा ऑप्शन दिला तर भागेल का? की खऱ्या कार्डाच्या ड्रायव्हरलाच 0 द्यावा? नंतर इनिट्रॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला वापरली जाणारी छोटी फाइल सिस्टीम) अपडेट करावं लागेल का? रविवारी आजीचा फोन असतो, त्याआधी कुणी सांगितलंत तर फार बरं होईल.